निबंध पाठ करून घ्या म्हणणाऱ्यांना एका मराठीच्या शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
आमच्याकडे शाळा तपासायला येणारे सगळे अधिकारी, दहावीच्या मराठीचा पेपर काढणारे, गुणदानाच्या सूचना लिहिणारे आणि नवीन पुस्तकं करायला बसलेले सगळे जण,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला मराठी शिकवते. 22 वर्षं झाली. गेल्या महिन्यात निकाल कसा वाढवायचा यावर मराठीच्या शिक्षकांची बैठक झाली, तिथं प्रत्येकाच्या हातात स्टेपल मारलेली 32 पानं दिली गेली. त्यात निबंध तयार, पत्रं तयार, जाहिराती तयार, कथेचा शेवट आणि तात्पर्यसुद्धा तयार. सांगितलं असं की दिवाळीनंतर रोज थोडं थोडं हे मुलांकडून पाठ करून घ्या, विषय कुठलाही आला तरी यातला एखादा निबंध थोडाफार फिरवून बसतोच. मी हात वर करून विचारलं, मग मुलांनी स्वतः लिहायला कधी शिकायचं? उत्तर मिळालं, मॅडम आधी निकालाचं बघा, लिहायचं पुढं कॉलेजात शिकतील. बैठक संपली, चहा झाला, सगळे आपापल्या गाडीनं निघाले. मला मात्र ते वाक्य आजपर्यंत पचलेलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण हा विषय माझ्या एकटीच्या वर्गाचा नाहीये आणि पालकांनीही तो वाचावा असं मला वाटतं.

त्या 32 पानांत काय आहे ते आधी सांगते. नदीचं मनोगत आहे, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त आहे, मोबाईल शाप की वरदान आहे, थंड हवेच्या ठिकाणी घालवलेली सुट्टी आहे आणि पावसाळ्यातला एक दिवस आहे. त्या पावसाळ्यात मोर पिसारा फुलवून नाचतो, हिरवा शालू नेसलेली धरती आहे आणि गरमागरम भजी आहेत. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी जून कोरडा गेला की बियाण्याची पिशवी उधारीवर दुसऱ्यांदा आणावी लागते, दुबार पेरणी हा शब्द त्यांना पहिलीत असल्यापासून माहितीय. ह्या मुलांना पाऊस कळत नाही का? उलट तो त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. पण पेपरमध्ये पाऊस म्हणलं की ती आपला पाऊस बाजूला ठेवतात आणि मोराचा पाऊस लिहितात, कारण आपणच त्यांना शिकवलंय की मार्क मोराला आहेत.

आता दहावीचा हिशोब बघा. मराठी कुमारभारतीचा, म्हणजे प्रथम भाषा मराठीचा, लेखी पेपर 80 गुणांचा, त्यातले 24 गुण उपयोजित लेखनाला. 6 गुण पत्र किंवा सारांशाला, 10 गुण जाहिरात-बातमी-कथा यातल्या कुठल्याही दोनांना आणि 8 गुण प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यातल्या एकाला. म्हणजे पेपराचा जवळजवळ तिसरा हिस्सा मुलानं स्वतः लिहायचाय. कागदावरची ही रचना चांगली आहे असं मी मनापासून म्हणते, जुन्या पेपरपेक्षा कितीतरी बरी. बातमी लिहा, जाहिरात करा, दिलेल्या मुद्द्यांवरून कथा फुलवा, ह्या खऱ्या गोष्टी आहेत. पण ही रचना शाळेपर्यंत येता येता तिचं काय होतं तर साचा होतो. जाहिरातीत चौकट पाहिजे, आकर्षक घोषवाक्य पाहिजे, संपर्क पाहिजे, ‘त्वरा करा’ पाहिजे. बातमीला शीर्षक, ठिकाण, तारीख. साचा बरोबर असला की मार्क, आत काय लिहिलंय ते बघायला कुणाला वेळ नसतो. दोन वर्षांपूर्वी एका सामाईक सराव परीक्षेचा गठ्ठा मी तपासला, त्यात सलग नऊ उत्तरपत्रिकांत फाटक्या पुस्तकानं एकाच वाक्यात हुंदका दिला होता. ही नऊ मुलं तीन वेगळ्या शाळांची होती, म्हणजे त्यांनी एकमेकांचं बघून लिहिलेलं नव्हतं, सगळ्यांचं गाईड एकच होतं. आणि त्या नवांनंतरची, गठ्ठ्यातली दहावी उत्तरपत्रिका वेगळी निघाली. त्यात पुस्तकाला हुंदका आला नव्हता, ते पुस्तक पाचव्या मुलाकडं आलंय, पहिल्या पानावर चार नावं खोडलीत आणि पाचवं लिहिलंय असं त्या मुलीनं लिहिलं होतं. खोडलेल्या नावांत तिच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं आणि तिची शाळा कधी सुटली तेही एका ओळीत होतं. व्याकरणाच्या चुका होत्या, भरपूर. गुणदानाच्या कागदाप्रमाणं तिला मला 4 द्यावे लागत होते आणि हुंदकेवाल्यांना 6. मी तिला 7 दिले, वरून विचारणा झाली, मी कारण लिहून दिलं.

हे सगळं मी कशाच्या जोरावर बोलतेय ते सांगते, नाहीतर नुसती तक्रार वाटेल. आठ-नऊ वर्षांपासून मी वर्गात विषय बदलून बघतेय. घरातली अशी एक वस्तू जी दुरुस्त करून करून वापरताय, तिच्याबद्दल दहा ओळी लिहा. तुमच्या गल्लीत सकाळी सगळ्यात पहिला आवाज कशाचा येतो. घरात कुणाचा राग कसा ओळखता, तो माणूस एक शब्दही बोलला नाही तरी. असे विषय. नववीतल्या एका मुलानं, जो तोवर वहीत फक्त तारीख टाकायचा, वडलांच्या चपलेवर लिहिलं. तीन-चारच ओळी होत्या, त्या मला पाठ आहेत: “वडलांच्या चपलेचा अंगठा चार वेळा बसवला. बसवणारे काका म्हणले आता नवी घ्या. वडील म्हणले सुगी होऊ द्या. सुगी झाली. चप्पल तीच आहे.” मी हे वर्गात त्याला विचारून वाचून दाखवलं तेव्हा कुणी हसलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सात-आठ मुलांनी न सांगता अजून एकेक वस्तू लिहून आणली. त्या मुलाला 32 पानांतलं एक पानही पाठ होणार नाही, मला माहितीय. पण लिहिता येतं त्याला.

बातमी शिकवायची तर मी आजीला विचारून या म्हणते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठं होतात, पहिल्यांदा काय कळलं. आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडं ह्याचं उत्तर असतं. एका मुलीची आजी म्हणली, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून येऊन उशिरा झोपलो होतो, फळीवरली भांडी पडली तर वाटलं मांजर असंल. त्या मुलीनं बातमीचं शीर्षक दिलं, ‘मांजर असंल असं वाटलं’. मग वर्गात वाद झाला की बातमीचं शीर्षक असं चालतं का, का ‘किल्लारीत भूकंप’ असंच पाहिजे, आणि तो वाद अख्खी तासिका चालला. शीर्षक म्हणजे काय हे त्या दिवशी मुलांना जेवढं कळलं तेवढं मला साच्यावरून दहा वर्षांत शिकवता आलं नव्हतं. तसंच बहात्तरच्या दुष्काळाचं. आजोबांना विचारून या, दुष्काळी कामावर खडी फोडायला कुठं होतात, तिथं खायला मिळणारी सुकडी कशी लागायची. ह्याला खर्च शून्य आहे.

पत्राचंही तेच. पेपरमध्ये पत्र कुणाला लिहायचं तर एका न दिसणाऱ्या व्यवस्थापकाला, न विकत घेतलेल्या रोपांसाठी. मी दोन वर्षं एक खरं पत्र लिहायला लावते. एका वर्षी मुलांनी एसटीच्या आगाराला लिहिलं की सकाळची गाडी उशिरा येते आणि पहिला तास बुडतो. गाडी सुधारली का तर थोडी, रोज नाही. पण लेटरहेडवर उत्तर आलं आणि ते पत्र वर्गात हातोहात फिरून फिरून घडीवर फाटलं. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतं ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा कळली. ही काही मी शोधून काढलेली युक्ती नाही, साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे, मुलं ते वाचायची. शंभर वर्षं होत आली त्याला. भित्तिपत्रक आणि हस्तलिखित हे शब्द आपल्या शाळांमध्ये अजून आहेत, फक्त आता ते तपासणीच्या आदल्या आठवड्यात सुंदर अक्षराच्या तीन मुलींकडून करून घेतले जातात.

आता माझ्या तक्रारी, एकेक.

वेळ आणि संख्या. माझ्या एका तुकडीत 62 मुलं आहेत आणि अशा तीन तुकड्या. एक वही नीट वाचायला, खाली दोन ओळी लिहायला पाच मिनिटं धरली तरी एका तुकडीचे पाच तासांहून जास्त होतात, तीन तुकड्यांचे साडेपंधरा. आणि मूल एकदा लिहून शिकत नाही, कच्चं लिहायचं, कुणाला तरी वाचून दाखवायचं, बदलायचं, मग पक्कं. 35 मिनिटांच्या तासिकेत हजेरी झाली, वह्या उघडल्या, विषय सांगितला की घंटा होते. त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाईन माहिती भरणं, ह्यांचा पाढा मी वाचत नाही, तुम्हाला तो पाठ आहे.

तपासणी. तपासणीला आल्यावर तुम्ही निबंधाची वही मागता आणि मोजता. किती निबंध झाले, प्रत्येकावर लाल सही आणि तारीख आहे का. एकदा एका साहेबांनी माझ्या वर्गाची कच्ची वही बघून शेरा मारला, खाडाखोड फार आहे, अस्वच्छ. अहो ती खाडाखोड म्हणजेच तर शिकणं आहे. त्या मुलीनं ‘खूप दुःख झालं’ खोडून ‘जेवले नाही’ लिहिलं होतं, त्याच ओळीवर तुमची लाल रेघ आहे. त्या दिवसापासून मुलं दोन वह्या करायला लागली, एक दाखवायची आणि एक लिहायची, आणि ह्याची मला लाज वाटते कारण हे मी थांबवू शकले नाही.

भाषा. आमच्याकडची मुलं ‘मही माय म्हणली’ असं बोलतात. लिहिताना त्यांनी प्रमाण मराठी शिकावी ह्याबद्दल माझं दुमत नाही, मीच शिकवते, ऱ्हस्व-दीर्घ सगळं. पण पात्राच्या तोंडी, आजीच्या तोंडी, अवतरण चिन्हात बोली आली तर ती चूक कशी? 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही शाळेत पेढे वाटले, मुलांनी फलक लिहिले. त्याच महिन्यात एका मुलाच्या कथेत आजोबा ‘कव्हा आलास रं’ म्हणतात म्हणून एक गुण कापलेला मी बघितला. अभिजात भाषेत त्याचे आजोबा बसत नाहीत का?

साहित्य. विषयांची एखादी चांगली पेटी, नमुने, चित्रं, जुन्या बातम्यांची कात्रणं, असं काही मराठीच्या शिक्षकाला कुणी देत नाही. विज्ञानाला प्रयोगशाळा असते, भूगोलाला नकाशे असतात, लेखनाला काय आहे तर फळा. पुस्तकात क्यूआर कोड आहेत, चांगली गोष्ट आहे, पण वर्गात 62 मुलांमध्ये माझा एक मोबाईल आणि रेंज खिडकीपाशी. शब्दकोश शाळेत एकच आहे तो ऑफिसच्या कपाटात, किल्ली लिपिकाकडं. वहीचं तर असं आहे की मी ऑफिसातली, झेरॉक्सच्या दुकानातली पाठकोरी पानं गोळा करते आणि मुली दाभणानं शिवून त्याच्या वह्या करतात. 2023-24 पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत कोरी पानं आली होती ते आठवत असेल. दप्तराचं ओझं काही कमी झालं नाही, मुलं वह्या आणतच राहिली आणि 2025-26 पासून ती पानं गेली. मी त्या निर्णयावर भांडत नाही. एवढंच सांगते की आमच्या आठवीत त्या पानांवर मी रोज एक ओळ लिहायला सांगितली होती, आज काय बघितलं ते, आणि वर्षाच्या शेवटी मुलं ती पुस्तकं खालच्या वर्गातल्या कुणाला द्यायला तयार होईनात. कोरं पान दिलं पण त्याच्यावर काय करायचं हे शिक्षकाशी कुणी बोललंच नाही.

आणि शेवटची, जी मला सगळ्यात जास्त लागते. आमच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलला परत. हंगामी वसतिगृहं आहेत, पण हायस्कूलच्या वयाची मुलगी घरी एकटी कशी ठेवायची म्हणून किंवा धाकटं भावंड सांभाळायला म्हणून सोबत नेतातच. दोन वर्षांपूर्वी जाणाऱ्या 11 जणांना मी प्रत्येकी चार पोस्टकार्डं दिली, 44 कार्डांचे 22 रुपये झाले. वर शाळेचा पत्ता लिहून दिला आणि म्हणलं, एक गोष्ट लिहा जी मला इथं बसून दिसणार नाही. 17 कार्डं आली. नववीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं: “मॅडम, फडात उजेडाच्या आधी आवाज येतो. कोयत्याचा. मग माणसं दिसतात. पाचट दवानं ओलं असतं तरी कापतं. आई मोळी बांधते तेव्हा मी बाळाला कोपीत घेऊन बसते, त्याला वाढ्याचा पंखा केला. इथं मराठीचं पुस्तक उघडलं तर त्यात काळं पडतं.” (फड म्हणजे तोडणीचं उसाचं रान, पाचट म्हणजे उसाची पानं, कोपी म्हणजे तिथली झोपडी, वाढं म्हणजे उसाचा शेंडा.) कार्डावर जागा संपली म्हणून शेवटचं वाक्य पत्त्याच्या बाजूला आडवं लिहिलेलं.

तीच मुलगी एप्रिलला येऊन वार्षिक परीक्षेला बसली. प्रश्नपत्रिका बाहेरून सामाईक आलेली, विषय होता थंड हवेच्या ठिकाणची सहल. तिनं मैत्रिणीचं गाईड रात्री वाचून महाबळेश्वर लिहिलं, अर्धं विसरली. 8 पैकी 2. उत्तरपत्रिका दाखवताना ती मला म्हणली, मॅडम मला निबंध येत नाही. तेव्हा मी तिला काही बोलू शकले नाही.

तुम्ही म्हणाल, लाखो उत्तरपत्रिका असतात, साचा असल्याशिवाय सगळ्यांना सारखा न्याय कसा देणार. ही अडचण खरी आहे, मीही तपासते, मला गठ्ठा माहितीय. पण सगळ्यांना सारखा न्याय म्हणता म्हणता आपण पाठांतराला न्याय देतोय. गाईड विकत घेऊ शकणारं आणि शिकवणीला जाणारं मूल त्यात पुढं जातं, फडावरून आलेलं मागं राहतं. स्वतःचं बघितलेलं लिहायला सांगा, मग बघा कोण कुठं असतं.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. ती 32 पानं मागं घ्या आणि निबंध पाठ करून घ्या ही सूचना लेखी रद्द करा. सराव परीक्षा असो की दहावी, प्रत्येक पेपरात एक तरी विषय असा ठेवा जो मुलाला स्वतःच्या घरातून, गल्लीतून, शेतातून लिहिता येईल आणि कुठल्याच गाईडात सापडणार नाही, तो दरवर्षी बदला. गुणदानाच्या सूचनांत स्वतःच्या निरीक्षणाला, स्वतःच्या वाक्याला वेगळे गुण ठेवा, 8 पैकी 3 तरी, आणि संवादातल्या बोलीला गुण कापू नका असं स्पष्ट लिहा. नावं झाकून मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिकांचे नमुने आम्हा शिक्षकांना द्या, ह्याला 7 का आणि ह्याला 4 का यावर एक दिवस आम्हाला बसवून चर्चा करा, भाषणं नकोत. आठवड्यातून एकदा लेखनाला जोडतास द्या, 70 मिनिटं सलग. तपासणीला निबंध मोजू नका, कच्ची वही मागा आणि एक पान पूर्ण वाचा. दर वर्गाला पाच-सहा शब्दकोश आणि रोजचं एक वर्तमानपत्र द्या, वर्गात, कपाटात नाही. आणि विषयांची पेटी शिक्षकांकडूनच करून घ्या, कोकणातल्या बाईंनी कोकणाचे विषय द्यावेत, विदर्भातल्या सरांनी विदर्भाचे, ती छापून पाठवा, नुसतं ॲपवर टाकू नका. माझ्याकडं दीडशेच्या वर विषय वर्गात वापरून झालेले आहेत, कुठला चालला आणि कुठला पडला हे समोर लिहून ठेवलंय, मी ते फुकट देते, माझं नाव नाही घातलं तरी चालेल.

नवीन अभ्यासक्रम 2025-26 ला पहिलीपासून सुरू झालाय, वरचे वर्ग मागून येणार आहेत. म्हणजे हायस्कूलच्या पुस्तकांत आणि पेपरात हे बसवायला अजून हातात वेळ आहे. त्या समितीत वर्गावर रोज जाणारे, गावातले मराठीचे शिक्षक घ्या, ही पण मागणीच समजा.

ह्या पत्राचं उत्तर मला दिवाळीच्या आधी पाहिजे, कारण दिवाळीनंतर पाठांतर सुरू करायचा आदेश आहे आणि आमची मुलं फडावर निघतात. उत्तर नाही आलं तर मी ते पाठांतर घेणार नाही, हे आत्ताच सांगते, त्याची जी काय नोटीस यायची ती माझ्या नावानं येऊ दे, मुख्याध्यापकांच्या नको. यंदा 14 जण जाणार आहेत, त्यांची 56 कार्डं मी आणून ठेवलीत.

सोबत त्या 17 कार्डांच्या झेरॉक्स जोडतेय, मुलांना आणि त्यांच्या आईवडलांना विचारून, नावं झाकून. मूळ कार्डं त्यांची त्यांना परत दिलीत.

आपली,
एक मराठीची शिक्षिका